लोणारचा गाळ आणि वणीचा कोळसा

लोणारच्या सरोवरात पाणी येतं, पण तिथून पाणी कुठे वाहून जात नाही. या एका गोष्टीमुळे बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर हवामानाच्या अभ्यासकांना फार प्रिय आहे. उल्का येऊन आदळली आणि दख्खनच्या काळ्या पाषाणात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला, ही कथा पर्यटकांना सांगायला छान. ती कधी आदळली यावर मात्र अजून एकमत नाही. एका पद्धतीने मोजलं तर सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी, दुसरीने मोजलं तर सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वी! आपल्या कामाची गोष्ट त्यानंतर सुरू होते. खड्ड्यात पावसाचं पाणी उतरलं, धार आणि सीतान्हाणी या झऱ्यांचं पाणी उतरलं, आणि बाहेर पडायला वाट एकच उरली: वाफ होऊन वर जाणं.

वाफेबरोबर क्षार जात नाहीत. पावसाचं पाणी हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेऊनच खाली येतं. हे किंचित आम्लयुक्त पाणी बेसाल्टला झिजवतं, त्यातून सोडियम सुटतो आणि हवेतला कार्बन कार्बोनेट होऊन पाण्यात अडकतो. वर्षानुवर्षं पाणी आटत राहिलं की हा खार दाट होत जातो. शुद्ध पाण्याचा सामू सात असतो, लोणारच्या पाण्याचा दहाच्या आसपास. पूर्वी हा खार काढून विकला जाई आणि त्याच्या प्रतींना दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावं होती. म्हणजे तळ्याकाठच्या त्या पांढऱ्या पापुद्र्यातला कार्बन एके काळी हवेत होता. पृथ्वी हवेतला कार्बन खडकाच्या मदतीने कसा जिरवते, हे इतक्या उघडपणे दाखवणाऱ्या जागा महाराष्ट्रात फारशा नाहीत. फक्त हे काम अतिशय संथ आहे. शेतात बेसाल्टची भुकटी पसरून त्याचा वेग वाढवता येईल का, याचे प्रयोग आता भारतातही चालले आहेत, आणि ‘माती कार्बन’ या उपक्रमाला त्यासाठी २०२५ साली पाच कोटी डॉलरचं एक्सप्राइझ पारितोषिक मिळालं. आशा धरायला हरकत नाही. पण जग दरवर्षी कोळसा, तेल आणि वायू जाळून सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतं, हा आकडा समोर ठेवूनच ती धरावी.

आता तळाकडे वळू. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकी शास्त्रज्ञ यांच्या संयुक्त अभ्यासात सरोवराच्या तळाला भोकं पाडली गेली. खालच्या चुरा झालेल्या खडकापर्यंत पोचायला सुमारे १०० मीटर गाळ ओलांडावा लागला. हा गाळ कुणी ढवळलेला नाही. दर पावसाळ्यात काठावरून माती येते, पानं-परागकण येतात, पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचे अवशेष खाली बसतात आणि त्यावर पुढच्या वर्षीचा थर. यातला वरचा सुमारे १० मीटरचा स्तंभ काढून त्याचं वाचन सुषमा प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलं. पोट्सडामचं जर्मन भूविज्ञान संशोधन केंद्र आणि नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था या कामात होत्या. या दहा मीटरमध्ये गेल्या सुमारे ११ हजार वर्षांचा मॉन्सून साठलेला आहे.

त्या स्तंभात दोन पट्टे असे आहेत की तिथे गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक सापडतात. गेलुसाइट म्हणजे सोडियम आणि कॅल्शियमचं पाणीदार कार्बोनेट. सरोवर भरलेलं असताना ते तयार होत नाही. पाणी आटून खार अतिशय दाट झाला तरच त्याचे स्फटिक धरतात. म्हणजे जिथे गेलुसाइट, तिथे लांबलेला दुष्काळ. पहिला पट्टा आजपासून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांमागचा आणि दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांमागचा.

पहिल्या पट्ट्याच्या अखेरीस सिंधू संस्कृतीची मोठी नगरं ओस पडू लागली होती. ४,२०० वर्षांपूर्वीच्या कोरड्या काळाच्या खुणा जगात इतक्या ठिकाणी मिळतात की २०१८ साली भूशास्त्रज्ञांनी तिथून पुढच्या कालखंडाला ‘मेघालयन’ असं नाव दिलं. मेघालयातल्या मावम्लूह गुहेत जमिनीवरून वर वाढलेल्या चुन्याच्या स्तंभात त्याची नोंद स्पष्ट सापडली होती. नगरं केवळ पाऊस घटल्याने ओस पडली असं म्हणायला इतिहासकार तयार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

दुसरा पट्टा आपल्या जास्त जवळचा. इसवी सनाच्या आरंभापासून साधारण चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो येतो. सातवाहन, शेजारच्या वाशिमला म्हणजे वत्सगुल्मला राजधानी असलेले वाकाटक, चालुक्य, राष्ट्रकूट, देवगिरीचे यादव हे सगळे त्या पट्ट्यात बसतात. आपण ज्याला महाराष्ट्राचा वैभवकाळ म्हणतो तो मॉन्सूनच्या दृष्टीने दुबळा काळ होता! याचा अर्थ चौदाशे वर्षं पाऊसच पडला नाही असा नव्हे. गाळ पंचांग ठेवत नाही, तो शतकांचा कल सांगतो. दैत्यसूदनाचं मंदिर उभं राहिलं, विवरात देवळं बांधली गेली, लिंबी बारवेसारखी पाण्याची सोय झाली. मला राहून राहून असंही वाटतं की विवराच्या तळाशी देवळं बांधणाऱ्यांनी त्या वेळचा काठ पाहून जागा निवडली असणार, आणि ते सरोवर आजच्यापेक्षा लहान असणार. हा माझा तर्क आहे, गाळाचा पुरावा नव्हे.

इथे कुणीतरी म्हणणार, आणि म्हणतातच: ‘बघा, तेव्हा ना मोटारी होत्या ना कारखाने, तरी हवामान बदललंच की! मग आता माणसावर खापर कशाला?’ चहाच्या टपरीपासून वाहिन्यांवरच्या चर्चांपर्यंत हा मुद्दा ऐकू येतो, आणि लोणारचा गाळ त्याच्या बाजूने पहिला पुरावा म्हणून पुढे करता येईल. मुद्दा मूर्खपणाचा नाही, अर्धा आहे. हवामान बदलतं तेव्हा कशामुळे तरी बदलतं. तेव्हा कशामुळे बदललं आणि आता कशामुळे बदलतं आहे, हे दोन वेगळे तपास आहेत.

तेव्हाचा तपास बऱ्यापैकी लागला आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे ती सूर्याच्या सर्वांत जवळ वर्षाच्या कोणत्या महिन्यात असते ते हजारो वर्षांत सरकत जातं. आज ती जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला. ११ हजार वर्षांपूर्वी हीच वेळ उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात येत होती, जमीन जास्त तापत होती आणि मॉन्सून जोरदार होता. लोणारच्या स्तंभाचा खालचा भाग त्याची साक्ष देतो. पुढे हा जोर हळूहळू ओसरला. पण गेलुसाइटचे दोन पट्टे निव्वळ या संथ ओहोटीने समजत नाहीत, कारण ओहोटी एकसारखी होती आणि दुष्काळ मध्येच आले, मध्येच गेले. प्रसाद आणि सहकाऱ्यांनी त्यांचा संबंध हिंदी महासागराचा पूर्व भाग आणि पश्चिम प्रशांत महासागर यांच्यावर पसरलेल्या उबदार पाण्याच्या पट्ट्याशी जोडला. तिथल्या उष्णतेची मांडणी बदलली की लोणारला पाऊस कमी. एल निनोच्या वर्षी आपल्याकडे पावसाची धाकधूक का असते हे ज्याला माहीत आहे, त्याला हे पटायला जड जाऊ नये.

या निष्कर्षाने टपरीवरचा मुद्दा उलटतो. समुद्राच्या पृष्ठभागावरची उष्णता जराशी इकडची तिकडे झाली तर वऱ्हाडात शतकं कोरडी जाऊ शकतात, असं गाळ सांगतो. आणि १९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं तापमान सरासरी सुमारे एक अंश सेल्सियसने वाढलं, असं केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो. तो अहवाल पुण्याच्या पाषाण भागातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने तयार झाला होता. ज्या यंत्रणेने पूर्वी आपोआप एवढे खेळ केले, तीच यंत्रणा आपण तापवत आहोत. पूर्वीचे बदल नैसर्गिक होते, ही गोष्ट धीर देणारी कशी काय ठरते, हे मला कधी समजलेलं नाही.

आता दुसरा तपास. ताप आपणच देतो आहोत हे कशावरून? इथे लोणारच्या गाळाचं वय काढायला जे घड्याळ वापरतात तेच पुन्हा कामाला येतं. वनस्पती हवेतून कार्बन घेते, त्यात किरणोत्सारी कार्बन-१४ चे मूठभर अणू असतात. वनस्पती मेली की नवे अणू येणं थांबतं आणि असलेले निम्मे व्हायला ५,७३० वर्षं लागतात. गाळात सापडलेल्या काडी-पानात ते किती उरले आहेत हे मोजलं की थराचं वय मिळतं. आता वणी, घुग्घुस, बल्लारपूरचा कोळसा घ्या. वर्धा खोऱ्यातला हा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या जंगलांचा. त्यात कार्बन-१४ शून्य. असा कोळसा जाळला की हवेत जो कार्बन जातो तोही कार्बन-१४ नसलेला, आणि तो मिसळल्याने हवेतल्या एकूण कार्बनमध्ये कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होत जातं. हान्स स्यूस या रसायनशास्त्रज्ञाने हे पातळ होणं झाडांच्या खोडातल्या वर्तुळांत मोजून १९५५ साली प्रसिद्ध केलं. पुढे अणुचाचण्यांनी हवेत नवा कार्बन-१४ ओतून हा हिशेब काही काळ बिघडवला. गाळाची वयं सांगताना शास्त्रज्ञ ‘आज’ म्हणजे १९५० साल धरतात, हेही जाता जाता सांगून ठेवतो. थोडक्यात, हवेत वाढलेला कार्बन कुठून आला याची पावती त्या कार्बनमध्येच आहे.

वाढ किती, हे चार्ल्स कीलिंगने हवाईच्या मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून मोजायला घेतलं. तेव्हा हवेच्या दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ रेणू होते. २०२४ ची सरासरी ४२० च्या वर गेली. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून मागची आठ लाख वर्षं मोजता येतात. त्या सगळ्या काळात हिमयुगं आली-गेली, पण हा आकडा ३०० च्या फारसा पुढे सरकला नाही. ती मर्यादा विसाव्या शतकात ओलांडली गेली.

हा वायू उष्णता अडवतो हे काही नवं नाही. अमेरिकेत युनिस फूट यांनी १८५६ साली काचेच्या नळ्यांत वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडची नळी जास्त तापते हे दाखवलं. १८५९ पासून जॉन टिंडल यांनी प्रयोगशाळेत हे काटेकोर मोजलं. १८९६ साली स्वीडनच्या स्वांते अर्‍हेनियस यांनी हवेतला कार्बन दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित हाताने केलं. त्यांचं उत्तर पाच-सहा अंशांचं होतं, आजचा सर्वोत्तम अंदाज तीन अंशांच्या आसपास आहे. लोकमान्य टिळक ज्या दशकात राजद्रोहाच्या खटल्याला तोंड देत होते त्याच दशकातलं हे विज्ञान आहे, तेव्हा ‘काल-परवा काढलेलं खूळ’ हा आरोप तरी मागे घ्यायला हरकत नसावी.

दख्खनच्या पठारावर बसून विचारायचा आणखी एक प्रश्न आहे: ज्वालामुखींचं काय? लोणारचा खडक स्वतःच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या प्रचंड लाव्ह्याचा आहे, आणि त्या उद्रेकांनी पृथ्वीचं हवामान हलवलं होतं यात वाद नाही. पण आज जगभरचे सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्क्याच्या आसपास आहे. आणि सूर्य? त्याचं तेज १९७८ पासून उपग्रह मोजत आहेत, त्यात वाढीचा कल नाही. शिवाय सूर्य तापला असता तर हवेचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा, स्थितांबर, थंड होतो आहे. स्युकुरो मानाबे यांनी १९६७ साली संगणकावर हे भाकीत मांडलं होतं. २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना ज्या कामासाठी मिळालं त्यात ते येतं.

एवढं सगळं सांगितल्यावर एक पथ्यही सांगायला हवं, नाहीतर आपण टपरीवाल्याचीच चूक उलट बाजूने करू. जे जे लोणारला घडतं ते ते हवामानबदलामुळे, असं म्हणता येत नाही.

जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं. टाळेबंदीचे दिवस, घरी बसलेली जनता आणि मोबाइलवर फिरणारी ती चित्रं. कुणी प्रलय पाहिला, कुणी चमत्कार, कुणी हवामानबदल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे लोणारविषयीची जनहित याचिका चालूच होती, नमुने घेतले गेले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने उत्तर दिलं: खारट पाण्यात राहणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव. पाणी कमी, उन्हाळा कडक, खार दाट. त्यांना हवं ते सगळं जमून आलं आणि त्यांनी आपला गुलाबी रंग पसरवला. नमुन्याचं भांडं न हलवता ठेवलं तर सूक्ष्मजीव तळाशी बसत आणि वरचं पाणी नितळ होई. असे उन्हाळे जास्त होऊ लागले तर असे रंगही जास्त दिसतील, हे म्हणता येईल. त्या एका जूनचा रंग मात्र कुणा कोळशाच्या चिमणीला चिकटवता येणार नाही. पुढे त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, नाशिकच्या नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं दुसरं.

आणि त्यानंतर नेमकं उलटं झालं. अलीकडच्या वर्षांत सरोवराचं पाणी चढत गेलं, ते कमळजादेवीच्या देवळापर्यंत पोचलं. गोडं पाणी वाढलं की खार पातळ होतो आणि त्या खारावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचं अख्खं जग धोक्यात येतं. हे का झालं? पाऊस वाढला म्हणून? भोवतालच्या जलसंधारणाच्या कामांनी झऱ्यांना जास्त पाणी मिळालं म्हणून? गावाचं सांडपाणी उतारावरून आत येतं म्हणून? की हे सगळं थोडंथोडं? बंद खोऱ्यातल्या सरोवराची पातळी ही आलेलं पाणी वजा उडालेलं पाणी एवढीच असते, आणि यातली प्रत्येक बाजू वेगळी मोजल्याशिवाय उत्तर मिळत नाही. पावसाचं मोजमाप होतं, धारेचं पाणी मात्र भाविकाच्या डोक्यावर पडतं आणि खाली जातं. गाळाने हजार वर्षांचा कल सांगितला म्हणून तो या पाच वर्षांचं उत्तर देईल असं नाही.

मॉन्सूनच्या बाबतीतही हीच गुंतागुंत आहे. तापलेल्या हवेत दर अंशाला सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून पाऊस वाढायला हवा. प्रत्यक्षात १९५१ ते २०१५ दरम्यान देशाचा मॉन्सूनचा पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, मुख्यतः गंगेच्या मैदानात आणि सह्याद्रीत. त्यामागे धुराच्या, काजळीच्या, गंधकाच्या कणांचा मोठा वाटा असल्याचं तोच २०२० चा अहवाल म्हणतो, कारण हे कण सूर्यप्रकाश अडवतात आणि जमीन पुरेशी तापू देत नाहीत. म्हणजे कोळशाच्या एकाच चिमणीतून तापवणारा वायू आणि सावली धरणारे कण दोन्ही निघतात. कण आठवड्याभरात खाली बसतात, वायू शतकं राहतो. उद्या हवा स्वच्छ केली, आणि ती करायलाच हवी, तर आजवर झाकलेला ताप उघडा पडेल. शास्त्रज्ञांची प्रतिमानं पुढच्या दशकांत मॉन्सूनचा एकूण पाऊस वाढेल असं सांगतात. गेलुसाइटचा तिसरा पट्टा आता येणारच असं म्हणणाऱ्याने म्हणूनच जरा थांबावं.

एकूण पावसाच्या आकड्याने शेतकऱ्याचं पोट भरत नाही. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं की मध्य भारतात १९५१ ते २००० दरम्यान मुसळधार पावसाचे प्रसंग वाढले आणि मध्यम पावसाचे कमी झाले. बेरीज जवळजवळ तीच राहिली. रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या चमूने २०१७ साली मांडलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणारी अतिवृष्टी तिपटीने वाढली. लोणार-मेहकरच्या सोयाबीनवाल्याला याचा अर्थ वेगळा समजवायला नको. पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा सल्ला अकोल्याचं कृषी विद्यापीठ देतं. पण तेवढा पाऊस एकाच रात्री झाला आणि पुढे तीन आठवडे आभाळ कोरडं राहिलं तर? दुबार पेरणी. बियाण्याचं दुसरं पोतं, तेही उधारीवर. वार्षिक सरासरी काढली तर ते वर्ष ‘सामान्य’ निघतं.

इथून विज्ञान संपतं आणि राजकारण सुरू होतं असं म्हणायची पद्धत आहे. मला ती पटत नाही, कारण राजकारण मोजमापातच शिरलेलं असतं. १९९० साली वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने देशांच्या उत्सर्जनाची यादी काढली आणि भारत, चीन वरच्या क्रमांकांवर आले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटचे अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली त्याला छोट्या पुस्तिकेतून उत्तर दिलं. भाताच्या खाचरातला आणि गायी-म्हशींच्या पोटातला मिथेन हा जगण्यासाठीचा धूर आहे, तो अमेरिकी मोटारीच्या धुराबरोबर एकाच तागडीत कसा घालता, हा त्यांचा सवाल होता. समुद्र आणि जंगलं जो कार्बन शोषून घेतात त्यावर हक्क देशाचा की माणशी समान, हा दुसरा. पुढच्याच वर्षी रिओला जो करार झाला त्यात जबाबदारी सर्वांची पण सारखी नाही हे तत्त्व आलं. आजही भारताचं दरडोई उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन आहे, अमेरिकेचं चौदाच्या आसपास. आजवर जाळलेल्या एकूण इंधनाचा हिशेब मांडला तर अमेरिकेचा वाटा साधारण पाव निघतो.

अमेरिकेने या तत्त्वाशी कधी मनापासून जुळवून घेतलं नाही. १९९७ च्या जुलैत, क्योटो कराराच्या आधी पाच महिने, तिच्या सिनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी ठरवलं की विकसनशील देशांवर बंधन नसलेला करार आम्हाला नको. २०१५ च्या पॅरिस कराराचं तर येणं-जाणंच चाललं आहे: २०२० मध्ये बाहेर, २०२१ मध्ये आत, जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश. भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन दिलं आणि त्याच परिषदेच्या शेवटच्या मसुद्यात कोळसा ‘बंद’ करण्याऐवजी ‘कमी’ करण्याचा शब्द घालून घेतला. गरीब देशाच्या बाजूने पाहिलं तर यात गैर काही नाही.

पण हाच समतेचा युक्तिवाद देशाच्या वेशीवर सोडून द्यायचा, ही चलाखी मात्र ओळखायला हवी. महाराष्ट्राची औष्णिक वीज कुठे होते ते पाहा. चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं केंद्र, कोराडी, खापरखेडा, तिरोडा, आणि लोणारपासून सर्वांत जवळचं म्हणजे अकोला जिल्ह्यातलं पारस. बहुतांश केंद्रं विदर्भात, कारण कोळसा विदर्भात. राख विदर्भातल्या नद्यांकाठी, धूर विदर्भातल्या फुप्फुसांत, आणि विजेचा मोठा ग्राहक मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात. दिल्लीत बसून आपण अमेरिकेला दरडोई हिशेब विचारतो तो चंद्रपूरच्या माणसाने मुंबईला विचारला तर? मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये स्वतःचा हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट ठेवलं. चांगलंच आहे. त्या शून्यात चंद्रपूरची राख कुणाच्या खात्यावर पडते, एवढं विचारायला जागा आहे.

न्यायालयांनीही आता या प्रश्नात पाय टाकला आहे. माळढोक पक्षी आणि राजस्थान-गुजरातमधल्या विजेच्या तारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये म्हटलं की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या १४ आणि २१ या कलमांतून निघतो. गंमत अशी की हा हक्क सांगितला गेला तो माळढोकसाठी तारा जमिनीखाली नेण्याचा आधीचा व्यापक आदेश सैल करताना, सौरऊर्जेला वाट मिळावी म्हणून. सोलापूरच्या नान्नजला ज्यांनी माळढोक हळूहळू दिसेनासा होताना पाहिला त्यांना यात फारसा आनंद वाटला नसेल.

राहिला पैशाचा प्रश्न. श्रीमंत देशांनी २००९ साली कोपनहेगनला कबूल केलं होतं की २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ. तो आकडा गाठला गेला २०२२ मध्ये. २०२४ च्या बाकू परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जांवर तडजोड झाली आणि भारताच्या प्रतिनिधीने सभागृहातच त्यावर हरकत घेतली. हे अब्ज खाली झिरपून बुलढाण्याला कोणत्या रूपात येतात, ते पाहायचं तर पोकरा पाहावा. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प असं त्याचं पूर्ण नाव, सरकारी कागदावर ‘हवामान अनुकूल शेती’चा प्रकल्प. २०१८ मध्ये सुरू झाला तेव्हा मराठवाडा आणि विदर्भाच्या दुष्काळी पट्ट्यासह पंधरा जिल्हे, पाच हजारांहून जास्त गावं, त्यात बुलढाणा जिल्हाही. शेततळी, ठिबक, रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन, बियाण्याचे गट, फळबागा. पावसाचा खंड पडला तर वरंब्यावरचं पीक ओल धरून राहतं आणि अतिवृष्टी झाली तर सरीतून पाणी निघून जातं, म्हणजे दोन्हीकडून होणाऱ्या माऱ्याला ते साधं पण शहाणपणाचं उत्तर आहे. गावोगावी कामं कमी-जास्त झाली, अनुदानासाठी हेलपाटे पडले, ते आपल्याकडे पडतातच. या प्रकल्पासाठी जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलर दिले. ही मदत नाही, नुकसानभरपाई तर नाहीच नाही. ते कर्ज आहे, आणि ते राज्याच्या तिजोरीतून फेडायचं आहे. लोणारच्या बाजारात बियाण्याचं दुसरं पोतं घ्यायला आलेला माणूस वाटेत गाडीत डिझेल भरतो त्यावरच्या करातूनसुद्धा.